हातगुण आणि पाच मिली

या आठवड्यात बेंबळा धरणाच्या पाण्यावर लिहिणार होतो. मागच्या लेखात तसं कबूल करून बसलो होतो, आणि कालव्याच्या टेलवरचे आमचे दोन-तीन वाचक वाट पाहत असणार हेही ठाऊक आहे. त्यांनी आणखी आठवडाभर कळ काढावी. कालव्याला पाणी येण्याची वाट पाहायची त्यांना सवय आहे.

झालं असं, की दीड वर्षाच्या नातीला ताप भरला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: अर्धा चमचा, तीन वेळा. आता बाभुळगावातल्या कुठल्याही घरात जा, चमचा म्हटल्यावर निदान पाच तऱ्हेचे चमचे निघतात. मिसळणाच्या डब्यातला, पोह्याचा, साखरेचा, लग्नात आहेर आलेल्या सेटमधला आणि आईस्क्रीमच्या कपासोबत आलेला प्लास्टिकचा, जो टाकून द्यायची हिंमत कोणाला होत नाही. आमच्याकडे सहावाही आहे. तो सौभाग्यवतींचा खास औषधाचा चमचा, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असतो.

"ह्याच चमच्यानं तुमची दोन्ही पोरं मोठी केली," हे वाक्य आमच्या घरात पंचांगासारखं आहे, कुठलंही काम निघालं की आधी तेच उघडतं. सूनबाई म्हणाली, "आई, चमचा नको, पाच मिलीची सिरिंज आणते, सुईबिगर." त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "लेकराले काय आता तोंडात इंजेक्शन देता काय?" मी सुनेची बाजू घेतली. त्याचे परिणाम माझ्या चहात अजून दिसतात.

सिरिंज आणायला मलाच पाठवलं. मेडिकलवाल्यानं आधी मला वरून खाली न्याहाळलं. "आबाजी, कायले पाहिजे?" म्हटलं, नातीला औषध द्यायला. "मंग सुई कायले नको?" पंधरा मिनिटं मी रांगेतल्या लोकांसमोर खुलासा करत होतो. शेवटी त्यानं पाकीट फोडून सुई काढून ठेवली आणि सिरिंज कागदात गुंडाळून दिली. मागचा एक जण हळूच म्हणाला, "ह्या वयात काय लागलं बुवा ह्यायले?" हल्ली बाटलीच्या खोक्यात रेघा मारलेलं टोपण येतं, काहींत छोटी पिचकारीही येते. पण खोकं घरी पोचेपर्यंत टोपण मुलाच्या भातुकलीत गेलेलं असतं.

त्या रात्री नात झोपल्यावर मी घरातले सगळे चमचे ओट्यावर मांडले आणि सिरिंजनं पाणी भरून पाहिलं. मिसळणाच्या डब्यातला चमचा दोन मिलीतच सांडला. पोह्याचा आठ गिळून वर तोंड वासून बसला. देव्हाऱ्याखालचा ऐतिहासिक चमचा काठोकाठ भरला तर सात, आणि आमच्या घरी भरतात तसा, म्हणजे हात थरथरून सांडणार नाही इतपत, तर पाचच्या जवळपास. "पाहा!" असं सौभाग्यवती म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. माझ्या प्रयोगाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागेल असं मला वाटलं नव्हतं. ग्रीसमध्ये कोणी तरी हाच उद्योग केला होता म्हणे, अथेन्सच्या परिसरातल्या बायांचे चमचे गोळा करून. त्यांचे छोटे चमचे अडीच मिलीपासून सव्वासात मिलीच्या वरपर्यंत भरले. म्हणजे बाभुळगाव काही मागे नाही.

माहितीचं काय ते एकदाच सांगून टाकतो. डॉक्टरांचा चमचा म्हणजे ५ मिली. तापाचं पॅरासिटामॉल साधारण वजनावर देतात, किलोमागे १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम. पण बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमची, ५ मिलीत २५० ची, आणि तान्ह्यांच्या थेंबांची, तिच्यात एका मिलीतच १००. त्याच लेकराला पहिलीतून ६ मिली लागेल, दुसरीतून ३, तिसरीतून दीड. नाव तेच, रंग बहुतेक गुलाबी नाही तर केशरी, वास सारखाच. थेंबांच्या बाटलीतून कोणी चमचाभर ओतलं तर काय होईल याचा हिशेब वाचकांनी करावा. जंतूंवरच्या औषधाची आणखी तऱ्हा. बाटलीत नुसती पूड असते. उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, पाणी खाली गेलं की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. आमच्या गल्लीत फेसालाच पाणी समजून बाटली बंद करायची पद्धत आहे.

पण हे सगळं सूनबाईला पाठ आहे. अडचण मापाची नाहीच. आमच्याकडे अडचण हातगुणाची आहे.

अमकीच्या हातानं दिलं की उतरतं, तमकीच्या हाताला यश नाही, हे आमच्याकडे डॉक्टरांनाही लागू आहे, तिथे घरच्यांची काय कथा. आणि मला ते हसण्यावारी नेता येत नाही, कारण माझी आई घुटी द्यायची ते मी पाहिलं आहे. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब टाकायचे आणि एकेक काडी उगाळायची. वेखंडाचा अर्धा वेढा, हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन, बदाम-खारकेचे जरा सढळ. पोट फुगलं असेल तर मुरडशेंग वाढवायची, शौचाला पातळ होत असेल तर जायफळ. मूल महिन्यानं वाढलं की वेढेही वाढायचे. मग ते सगळं बोटानं बोंडल्यात निपटून घ्यायचं आणि मांडीवर आडव्या धरलेल्या लेकराच्या ओठाच्या कडेनं सोडायचं, घोट गिळला की पुढची धार. तिच्या मनगटात मापच होतं. (आता डॉक्टर म्हणतात की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही. त्या वादात मी पडत नाही, मला ह्याच घरात राहायचं आहे.) फक्त एवढंच, की दगडावर एखादा वेढा जास्त पडला तर फार बिघडत नसे. बाटलीत शे-दोनशे वेढे कोणी तरी आधीच उगाळून ठेवलेले असतात. तिथे मनगट कितीही शहाणं असलं तरी त्याला ते कसं कळावं?

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा अंदाजावर फार भरवसा. फवारणीचं औषध विचारा, कोणी मिली सांगणार नाही. "पंपाले एक टोपण, अळी जास्त असन त दीड." दुकानदारही तसंच सांगतो. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसवर माणसं गेली. त्याची कारणं पुष्कळ होती आणि सगळी काही टोपणात मावणारी नाहीत. पण टोपण अजून तेच आहे.

नुसतं माप बरोबर असूनही भागत नाही, हेही आपल्याच जिल्ह्यानं दाखवलं. ३१ जानेवारी २०२१. कोरोनाची लस सुरू झाली म्हणून पोलिओचा रविवार १७ तारखेवरून पुढे ढकललेला. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत पाच वर्षांखालच्या बारा लेकरांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर गेलं. उलट्या झाल्या, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं; पोरं बरी झाली, तिघांवर कारवाई झाली, देशभरच्या पेपरात आपलं नाव झळकलं. सगळे त्या तिघांवर तुटून पडले. मला मात्र वाटत राहतं की ज्या घरात फिनेल थंड पेयाच्या बाटलीत आणि डिंकाचे लाडू बिस्किटांच्या डब्यात राहतात, त्या घरातल्या माणसांनी फार आवाज चढवू नये. दोनच थेंब होते, मोजायला काय अवघड होतं? बाटली वाचायची होती.

वाचूनही कळत नाही अशी बाटली नंतर आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याचं औषध पिऊन किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत येत होती. वीसहून जास्त दगावली. त्या कोल्ड्रिफ औषधाच्या एका बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के, चालतं ०.१ टक्का. तिथल्या आयांनी चमचा नीटच भरला असेल. तेव्हापासून केंद्राचा सल्ला आहे, दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत. तो ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायला घेतली, आणि या एका मुद्द्यावर सासू-सुनेचं एकमत झालं.

राहता राहिली नात. सिरिंज आली, बाटलीवरचे आकडे दोनदा वाचून झाले, वजनाचा हिशेब झाला, बुबुळं पिस्टनच्या रेघेवर लावून हवेचा बुडबुडाही काढला. सूनबाईनं तिला बसतं धरलं, गालाच्या आतून हळूहळू सोडलं. सगळं पुस्तकाबरहुकूम. पोरीनं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि माझ्या धुतल्या सदऱ्यावर फवारा सोडला. आता खरा प्रश्न. किती आत गेलं? "अर्धं गेलं," सौभाग्यवती. "काहीच नाही," सूनबाई. "सदऱ्यावर दोन मिली तरी आहे," मी. अंदाजानं भर घालायची नाही एवढ्यावर शेवटी तह झाला. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पुढचा डोस वेळेवर द्या म्हटलं. पुढचा डोस आजीनं दिला. सिरिंजनंच, पण मांडीवर घेऊन, खिडकीतली खार दाखवत. गेला आत. हातगुण की खार, याचा निकाल लावायला मी कोण?

ताप उतरला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. आमच्या आळीत बाटलीतलं उरलेलं औषध मागून नेतात. "ताई, तुमच्या नातीची बाटली उरली असन ना? आमच्या लेकराले बी तसाच ताप आहे, चमचाभर देऊन पाह्यतो."

सौभाग्यवती फ्रिजकडे निघाल्याच होत्या. सूनबाईनं मध्येच विचारलं, "काकू, वजन किती आहे?"

"कोणाचं? माह्यं?"

अंगणवाडीच्या काट्यावर मागच्या महिन्यात नातू साडेसात किलो भरला होता, हे त्यांना मग आठवलं. सूनबाई म्हणाली, त्याला आधी दाखवून आणा. ग्रामीण रुग्णालयाकडे कोणाची गाडी जाते आहे का, हे विचारत काकू आमच्याच अंगणात चहा घेऊन तासभर बसल्या.