तारशावरून गेलेले टिळक

आमच्या मौद्याला रेल्वे नाही. गाव कन्हानच्या काठी, नागपूर-भंडारा सडकेवर. गाडी धरायची तर तारशाला जावे लागते. लहानपणी तिथल्या फलाटावर आजी सांगे, "याच वाटेनं टिळक गेले हो!" मला वाटे, लोकमान्य. पण आजीचे टिळक दुसरे: रेव्हरंड नारायण वामन, फुलामुलांचे कवी.

साल १८९३. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेले हे पंडित नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर आले आणि निरोप घेताना गृहस्थांनी 'नवा करार' हाती ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पुढची हद्दपारी कुण्या सरकारची नव्हे, घरच्यांची आणि जातीची. तिचा हुकूम लागत नाही आणि मुदतही नसते. पण खरी शिक्षा कुणाला झाली म्हणाल, तर लक्ष्मीबाईंना. नवरा जिवंत, आणि ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला! चार-साडेचार वर्षे अशी गेली. मग त्या आपण होऊन नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. हे सारे 'स्मृतिचित्रां'त त्यांनी असे सांगितले आहे, की हसता हसता घशाशी आवंढा यावा.

टिळक मात्र नव्या घरातही पाहुण्यासारखे राहिले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ती झाल्याने माणूस कमी हिंदी होत नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून देवळात अभंग आणि कीर्तन हवे. परक्यांच्या पगारावर आणि शिस्तीवर चाललेला धर्म इथल्या मातीत रुजायचा नाही. १९१७ साली, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुरे केले कुणी? ज्यांना टिळकांनीच लिहावाचायला लावले, त्या लक्ष्मीबाईंनी!

आजी 'स्मृतिचित्रे' दुपारी मोठ्याने वाची. ताटातुटीचा भाग आला, की पुस्तक मिटून म्हणे, "डोळे दुखले बाई." त्याचे कारण मला फार उशिरा कळले. माझ्या आत्याने पन्नास वर्षांमागे परजातीत लग्न केले. आजोबांनी तिचे नाव घरात घ्यायचे नाही असे ठरवले; बाबांनी ते पुढे चालवले. आजी गेली तेव्हाही आत्याला कळवले नाही.

परवा पुस्तकाच्या कपाटात आजीची प्रत सापडली. ताटातुटीच्या पानांत आत्याचे एक जुने पोस्टकार्ड होते, पत्त्यासकट. मी पत्र टाकले. तिचे उत्तर आले: भाऊबीजेला येते, तारशाला कोणी न्यायला येईल का?

कार्ड बाबांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि विचारले, "गाडी किती वाजता येते रे?"