स्पीकर म्हणजे फुलदाणी नव्हे!

आपल्या घरात गणपतीची जागा ठरलेली असते, फ्रिजची ठरलेली असते, फार काय, पाहुण्यांच्या चपलांचीही ठरलेली असते. स्पीकरची जागा मात्र उरलेली असते! एक शोकेसच्या डोक्यावर, दुसरा सोफ्यामागे. का, तर तिथे प्लग आहे. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. आणि यजमान छाती फुगवून सांगणार, "चाळीस हजारांचा सेट आहे, बरं का!" असेल बुवा. पण गवई छताजवळ आणि तबलजी सोफ्याखाली, ही कुठली बैठक?

दुसरा स्पीकर म्हणजे पहिल्याला सोबत, अशी कित्येकांची समजूत असते. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअराने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो काही फुलदाण्यांची सोय व्हावी म्हणून नव्हे. पडद्यावरचा नट जिथे उभा, तिथूनच त्याचा आवाज यावा, ही त्याची तळमळ.

त्याला लागतं काय? दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून एक समभुज त्रिकोण. शाळेत भूमितीने छळलं, आता तिच्याकडून थोडं काम करून घ्या! बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. कोपऱ्यात ढकलाल तर बास फुगतो आणि डग्ग्याचा ढोल होतो; म्हणून दीड-दोन फूट भिंत सोडा. वायरींची तांबडी-काळी टोकं एका बाजूला उलटी लागली, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बास गायब! उघड्या भिंती आवाज परतवतात. त्यावर जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट हा उत्तम उतारा. पुस्तकं वाचलेली असायलाच हवीत असंही नाही.

परीक्षा सोपी आहे. बालगंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावा. ती मोनो, म्हणजे दोन्हीकडून तोच आवाज. तो दोन स्पीकरांच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून आला, तर मांडणी जमली.

"घर आहे की स्टुडिओ?" असं घरातले विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण स्पीकर जन्मभर खोलीच्या मध्यात ठेवा असं कोण म्हणतंय? ऐकायच्या तासापुरते पुढे ओढा, मग सरकवा मागे. खर्च शून्य. दुकानदार हे सांगणार नाही. तो सोनेरी टोकांची वायर विकेल.

माझं भांडण खरं तर फुलदाणीशी नाहीच. आपल्या दिवाणखान्यातल्या साऱ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या असतात. गाणं ऐकण्यासाठी म्हणून मांडलेली एक खुर्ची दाखवा! गाणं आपलं मागे चालू असतं, पंख्यासारखं. तोच गवई उद्या खरोखर घरी आला, तर त्याला शोकेसवर चढवाल का?