आधी रबर, मग रंग



ज्यांच्या घरी अजून जुनी फियाट आहे, म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी, त्यांच्यासाठी आजचं लिहिणं. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट गाडीची असली तरी त्यातला विचार स्वयंपाकघरातलाच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीवर या वर्षी खर्च करायचा असेल तर तो आधी दारांच्या, काचांच्या आणि डिकीच्या रबरांवर करा. रंग, पॉलिश, चकचकीत बंपर, नवी सीट कव्हरं हे सगळं नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. रंग चार माणसांना दिसतो, म्हणून त्याला पैसे निघतात. रबर कुणाला दिसत नाही, म्हणून ते तडकून, आखडून, पापडासारखं कडक होईपर्यंत तसंच राहतं. मग मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो आणि पायाखालच्या मॅटिंगला कुबट वास येऊ लागतो.

प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की आपल्याला कुणी सांगावं लागतं का? वाफ बाजूने निघायला लागली की आपण समजतो आणि नवी रिंग आणतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसेनासं झालं की दादरा बांधतो. पापड, वड्या, कोरडं पीठ यांना पावसाळ्यात हवा लागू नये म्हणून डबा बदलतो. गाडीच्या दाराचं रबर हे त्याच जातीचं काम करतं. बाहेरचं पाणी, धूळ, धूर बाहेर ठेवायचा आणि आतलं कोरडं ठेवायचं. म्हणून ‘गाडीतलं आम्हाला काय कळतं’ हे वाक्य या बाबतीत तरी आपण सोडून द्यावं. हे आपल्याला चांगलं कळतं.

आपल्या शिवडीत तर याची जास्त गरज. खाडी हाकेच्या अंतरावर. थंडीत आणि उन्हाळ्यात फ्लेमिंगो बघायला लोक जेट्टीवर येतात, ती दलदल छान वाटते, पण तिकडून येणारा खारा, दमट वारा लोखंडाला सोडत नाही. गॅलरीच्या ग्रिलची काय अवस्था होते ते आपण बघतोच. चाळीच्या आवारात किंवा सोसायटीच्या कुंपणालगत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीचंही तेच होतं. उलट ताडपत्रीमुळे आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून खायला लागतो.

या गाडीची बांधणी आजच्या गाड्यांसारखीच आहे. खाली वेगळी मजबूत चौकट आणि वर नुसता सांगाडा, असा प्रकार नाही. फियाट 1100 ची ही घडण 1953 पासूनची. दारं, खांब, टप आणि खालचा पत्रा मिळूनच गाडीची ताकद होते. त्यामुळे खालचा पत्रा गंजला तर नुसतं भोक पडत नाही, गाडीचं बळच कमी होतं. आणि तो गंजतो कसा? समोरच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून पाणी झिरपतं, डॅशबोर्डमागून खाली उतरतं आणि मॅटिंगखालच्या नमद्यात मुरतं. वरून मॅट कोरडी दिसते. खाली महिनाभर ओल असते. दोन-तीन पावसाळ्यांनी कुणी मॅट उचलली की रस्ता दिसतो. मग वेल्डिंगवाल्याकडे जे बिल होतं, त्यापुढे रबरांचा सगळा खर्च किरकोळ वाटतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. डिकीचं रबर गेलं असेल तर सायलेन्सरमधून निघालेला धूर चालत्या गाडीमागे घुटमळतो आणि फटीतून आत ओढला जातो. या गाड्या जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरच्या. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. मागच्या सीटवर नातवंडं बसतात. ‘गाडीत बसलं की मुलाचं डोकं दुखतं, मळमळतं’ असं होत असेल तर लिंबू हुंगायला देण्याआधी डिकीचं रबर आणि सायलेन्सर तपासून घ्या.

आता आपल्या आचाराच्या बाजूने थोडं. चातुर्मासात आपण ओलसर काही साठू देत नाही. कपडे पूर्ण वाळवतो, मोऱ्या कोरड्या करतो, धान्य ऊन दाखवून ठेवतो. कारण बुरशी, शेवाळ एकदा उगवलं की ते काढतानाही अनंत जीवांची विराधना होते. उगवूच न देणं ही खरी यतना. मग घरात एवढं जपणारे आपण, दारात उभ्या असलेल्या गाडीत ओला नमदा चार महिने कुजू देतो. त्यात बुरशी येते, झुरळं अंडी घालतात, आणि कार्तिकात गाडी धुवायला काढली की फवारे मारून सगळं साफ करतो. मला हे पटत नाही. आषाढाआधी पाणी शिरायची वाट बंद केली तर पुढची हिंसाच टळते.

काही जणी म्हणतील, गाडी हाच परिग्रह, त्यात जुन्या गाडीचा इतका मोह कशाला? प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं, की मोह नसेल तर गाडी द्या. चालवणाऱ्याच्या, सांभाळणाऱ्याच्या हाती द्या, किंवा रीतसर मोडीत काढा. त्यात काही कमीपणा नाही. पण ‘सासऱ्यांची आठवण’ म्हणून ठेवायची आणि ताडपत्रीखाली सडू द्यायची, हा ना त्याग झाला ना सांभाळ. वस्तू ठेवली तर तिची काळजी आपल्यावर येते. आणि असलेली वस्तू दुरुस्त करून आणखी दहा वर्षं वापरणं हे नवी घेण्यापेक्षा अपरिग्रहाच्या जवळचं आहे, असं मला वाटतं.

आठवण तर आहेच, आणि ती फक्त आपल्या घरापुरती नाही. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली. प्रीमियर ऑटोमोबाईल्स 1944 मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातले. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत देशी पाऊल टाकणारा माणूस. 1974 च्या सुमारास फियाटचं नाव बदलून आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या लोकांच्या घरच्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर तपासणी करून दर 5 वर्षांनी वाढवून मिळते, पण तपासणीत गंजलेला पत्रा लपत नाही. म्हणजे रबराकडे दुर्लक्ष केलं तर गाडी कागदावरही टिकणार नाही.

रबर गेलंय हे ओळखायचं कसं? तीन सोप्या परीक्षा आहेत, मेकॅनिक लागत नाही.

पहिली कागदाची. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर रबर ठीक. सहज सुटली तर तिथे फट आहे. दाराच्या चारही बाजूंनी असं करत जा.

दुसरी खडूची. रबरावर पांढरा खडू घासा, दार लावा, उघडा. चौकटीवर सलग पांढरी रेघ उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटली तिथे रबर बसलेलं आहे.

तिसरी पाण्याची. एकीने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसरीने बाहेरून तांब्याने पाणी सोडायचं. पाइप लावून पाणी वाया घालवू नका, एक बादली पुरते. सुरुवात खालून करा आणि हळूहळू वर जा. वरून एकदम ओतलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

रबरं विकत घेताना जुना तुकडा कापून सोबत न्या. फोटोवर भागत नाही, कारण आतली खाच आणि जाडी हातात धरूनच जुळते. ऑपेरा हाऊसकडची सुट्या भागांची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे विचारून बघा. रबर बोटाने दाबून बघा, लगेच वर आलं पाहिजे. शक्य असेल तर ईपीडीएम जातीचं मागा. ते ऊन आणि हवेतला ओझोन साध्या रबरापेक्षा जास्त सोसतं. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ माल नावाला ओरिजिनल, पण हातात धरला की भेगा दिसतात. तो घेऊ नका.

लावणाऱ्याकडे उभं राहून चार गोष्टी करून घ्या.

जुनं रबर काढल्यावर जुना गोंद पूर्ण खरवडून काढायचा. खाली गंज दिसला तर तो घासून, प्रायमर लावून, वाळल्यावरच नवं रबर. गंजावर रबर बसवणं म्हणजे जखमेवर न धुता पट्टी बांधणं.

रबर ताणून लावू द्यायचं नाही. ताणून लावलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि सांध्यावर फट पडते. उलट थोडं लांब कापून, दाबून बसवायचं. दाराच्या रबराचा सांधा खालच्या बाजूला यावा.

समोरच्या काचेचं रबर घरी करायला जाऊ नका. रबराच्या खाचेत दोरी घालून, साबणाचं पाणी लावून, आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवतात. त्याला दोन माणसं आणि सवयीचा हात लागतो. काच तडकली तर रबरापेक्षा मोठा खर्च.

दारांच्या तळाशी लहान भोकं असतात, ती बुजवू द्यायची नाहीत. वर-खाली होणाऱ्या काचेच्या कडेने थोडं पाणी दारात जाणारच, ते तिथून बाहेर पडतं. ‘सगळं सील करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा. आमच्या नात्यातल्या गाडीला एका गॅरेजवाल्याने नवं रबर टाकण्याऐवजी जुन्यावरच सिलिकॉन थापून दिलं आणि ही भोकंही बंद केली. व्हिनेगरसारखा वास येणारं ते सिलिकॉन. त्यातलं आम्ल पत्र्याला लागतं. पुढच्या पावसाळ्यात दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं.

नवं रबर लावल्यावर दार जोरात लावावं लागेल. घरातली मंडळी तक्रार करतील. काही आठवडे जाऊ द्या, रबर बसतं. तरीही जड राहिलं तर कुलपाची जागा थोडी सरकवून मिळते. आणि रबरावर खोबरेल, इंजिन ऑइल, ग्रीस असलं काही चोळू नका, त्याने रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, वर थोडी टाल्कम पावडर. बस.

खर्चाचं म्हणाल तर एकदम सगळं करायची गरज नाही. आधी समोरची काच, कारण सर्वांत जास्त पाणी तिथून येतं. मग डिकी, धुरासाठी. त्यानंतर चार दारं. पुढच्या दारांच्या तिरक्या छोट्या काचा आणि काच सरकते ती मखमली पट्टी पुढच्या वर्षी केली तरी चालेल. दर वर्षी थोडं बाजूला काढून तीन वर्षांत गाडी कोरडी होते.

घरात गाडीचा विषय निघाला की रंगाच्या छटेवर तासभर चर्चा होते आणि त्यात आपल्याला विचारतातही. यंदा विचारलं तर छटा सांगू नका. मॅटिंग उचला, खाली हात लावून बघा आणि हाताला ओल लागली तर पुढचं त्यांना दाखवा. मृगाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात काम होतं.