अधिछात्रवृत्तीच्या पुढची पायरी

दिनांक 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांचे दफ्तर, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षकांची कचेरी अशी राज्यकारभाराची अंगे यथाक्रम उभी राहिली. परंतु ज्या अंगावाचून कोणत्याही प्रदेशाला स्वतःविषयी स्वतः विचार करता येत नाही, ते उच्च शिक्षणाचे अंग पूर्वी होते तसेच मुंबई विद्यापीठाच्या परिघावर राहून गेले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे या प्रदेशातील शेकडा सदतीसहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत ते प्रमाण नव्वदीच्याही पुढे जाते. आता पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यातील एखाद्या महाविद्यालयात जावे, वर्गातील हजेरीपट उघडावा आणि मग प्राध्यापककक्षाबाहेरची नावांची पाटी वाचावी. पटावर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी घरांतील मुले ओळीने भेटतात, पाटीवर ती घरे क्वचित भेटतात. हा पट आणि ही पाटी यांतील अंतर कसे मिटेल, एवढाच माझ्या आजच्या लेखाचा विषय आहे.

आरक्षणाचा कायदा आहे, बिंदुनामावली आहे, मग आणखी काय हवे, असे विचारणाऱ्यांना उत्तर देण्यापूर्वी एका परदेशी योजनेचा उल्लेख करतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1984 साली पीएचडी पूर्ण केलेल्या स्त्रिया व अल्पसंख्य समाजांतील संशोधक यांच्यासाठी एक पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती सुरू केली. पदवी हातात पडणे आणि प्राध्यापक म्हणून नेमणूक होणे यांच्यामधील दोनतीन वर्षांच्या काळातच हे संशोधक गळून पडतात, हे विद्यापीठाच्या ध्यानात आले होते. त्या काळात त्यांना निर्वाहाची ददात पडू नये, एखाद्या ज्येष्ठ अध्यापकाचे मार्गदर्शन मिळावे, प्रबंधाचे ग्रंथांत आणि निबंधांत रूपांतर करण्यास सवड मिळावी, हा त्या योजनेचा पूर्वार्ध होता. पण तिचे खरे मर्म उत्तरार्धात आहे, कारण अशा अधिछात्राला एखाद्या विभागाने पुढे कायम अध्यापक म्हणून घेतले, तर त्याच्या पहिल्या काही वर्षांच्या वेतनाचा भार मध्यवर्ती विद्यापीठाने उचलावा, अशी तरतूद कालांतराने तीत करण्यात आली. त्यामुळे पैसा नाही म्हणून जागा नाही, असे म्हणण्याची सोय विभागप्रमुखाला उरली नाही.

आपल्याकडे पैशाची तरतूद अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाकडून अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी दरवर्षी 750 अधिछात्रवृत्त्या मिळतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजना आहेत. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या शिक्षकदिनी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने 900 पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्त्या जाहीर करून त्यांतील तीस टक्के स्त्रियांसाठी ठेवल्या. या योजनांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु यांपैकी एकीच्याही शेवटी नेमणुकीचे पद नाही. मुदत संपते, शेवटचा हप्ता जमा होतो, विनियोगाचे प्रमाणपत्र सादर होते, आणि मुदत सुरू होण्यापूर्वी तो संशोधक जिथे उभा होता तिथेच, फक्त वयाने वाढलेला, पुन्हा उभा राहतो.

अधिछात्रवृत्तीला नेमणुकीची जोड देण्याची कल्पना आपल्या भूमीत परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले, तेव्हा त्या करारनाम्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याची अट होती. त्या अटीकडे आपण नेहमी बंधन म्हणून पाहतो; मला तीत एका दूरदर्शी राजाचे आश्वासन दिसते, कारण परत येणाऱ्या विद्वानासाठी दौलतीत जागा राखलेली आहे, हा तिचा दुसरा अर्थ होता. आणि ती जागा मिळालीही. 1917 साली आंबेडकर बडोद्यास रुजू झाले, महाराजांनी त्यांच्यासाठी वरिष्ठ अधिकारपद नेमस्त केले होते; पण त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही, पारशांच्या ज्या वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला तेथून त्यांना हुसकून काढण्यात आले, आणि काही दिवसांतच त्यांना मुंबईस परतावे लागले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि तेथेही प्राध्यापककक्षातील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. या दोन प्रसंगांतून मी जो बोध घेतो तो असा, की राजाने शिष्यवृत्ती दिली आणि पदही दिले, तरी ज्या मंडळींत बसायचे त्या मंडळींनी जागा करून दिली नाही, तर सारी तरतूद कागदावर राहते; म्हणूनच नव्या अध्यापकाला त्याच्या विभागात एक जाणता पालक-अध्यापक असणे ही पुढे मी सुचवीत असलेल्या योजनेतील दुय्यम बाब नाही.

आमच्या भागात आज काय घडते, ते जवळून पाहावे. माझ्या परिचयातील एक तरुण विक्रमगडच्या बाजूच्या पाड्यावरचा, वारली समाजातला, आश्रमशाळेत शिकून पुढे पीएचडी झालेला; बोईसरला भाड्याच्या खोलीत राहून सकाळच्या लोकलने तो महाविद्यालयात जातो आणि तासिका तत्त्वावर शिकवितो. त्याच्या हजेरीची वही मी पाहिली आहे. दिनांक, वर्ग, तासिका, विषय, स्वाक्षरी असे तिचे रकाने. प्रत्येक तासामागे एक सही आणि प्रत्येक सहीमागे ठरलेली रक्कम. जुलै महिन्यात अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली, की तालुक्यातील साऱ्या मुलांना आनंद होतो आणि या विद्वानाच्या महिन्यातून दोन-तीन सह्या वजा होतात. दिवाळीचे रकाने कोरे, परीक्षांच्या काळातले बहुतेक कोरे, मे महिन्याचे तर पानच नाही. देयक मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंत कित्येकदा पुढचे सत्र सुरू झालेले असते. अशा माणसाने प्रबंधाचे पुस्तक केव्हा करावे, निबंध केव्हा लिहावे, आणि कायम जागेची जाहिरात निघालीच तर गुणांकनाच्या तक्त्यात प्रकाशनांचा रकाना कशाने भरावा?

जाहिरात निघणे ही गोष्टही आता दुर्मीळ झाली आहे. अनुदानित महाविद्यालयांतील भरतीवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिले, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि तासिकेवरची नेमणूक ही जी तात्पुरती सोय होती ती एका संपूर्ण पिढीची कायम अवस्था झाली. त्यातून राखीव जागेची मुलाखत झालीच, तर योग्य उमेदवार आढळला नाही, हा शेरा मारून ती जागा तशीच ठेवण्याची वाट मोकळी असते. आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या किती जागांवर खोट्या दाखल्यांचे लोक बसले होते, हा वेगळाच आणि अधिक क्लेशकारक अध्याय आहे. अशा दाखल्यांवर मिळविलेल्या लाभाला संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली बजावले, एवढे येथे नमूद करतो.

कोणी म्हणेल की अध्यापकाची जात-जमात पाहण्याचे कारण काय, विद्वत्ता पाहावी. मलाही विद्वत्ताच पाहायची आहे, आणि म्हणून हा प्रश्न मी अधिक आग्रहाने मांडतो. वारली समाजावर के. जे. सावे यांचा इंग्रजी ग्रंथ 1945 साली निघाला; त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली या डोंगरपट्ट्यातील वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला आणि त्याची कहाणी पुढे त्यांनीच मराठीत लिहिली; वारली चित्रकलेवर देशोदेशीचे अभ्यासक येऊन ग्रंथ लिहून गेले, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. या सर्वांविषयी मला कृतज्ञता आहे, गोदावरीबाईंविषयी तर अपार. पण ऐंशी वर्षे हा समाज ग्रंथाचा विषय होत आला, ग्रंथकर्ता फार थोड्या वेळा झाला, ही उणीव ज्ञानव्यवहाराची आहे आणि तीमुळे ज्ञानच अपुरे राहते. डॉ. गोविंद गारे यांच्यासारखा महादेव कोळी समाजात जन्मलेला संशोधक पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा संचालक झाला, तेव्हा महाराष्ट्रातील जमातींविषयी मराठीत किती लेखन उभे राहिले, हे ज्यांनी त्यांचे ग्रंथ चाळले आहेत त्यांना सांगावयास नको.

बोईसर-तारापूरचेच उदाहरण घ्या. देशातील पहिले अणुवीजकेंद्र येथे 1969 साली सुरू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूरची औद्योगिक वसाहत देशातील सर्वाधिक प्रदूषित वसाहतींच्या अग्रभागी आली. आणि 2024 मध्ये वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळून त्याचे भूमिपूजनही झाले. रसायनशास्त्र, सागरी जीवशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या सर्वांना जन्मभर पुरेल एवढी सामग्री पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत पडलेली आहे. नवापूर-मुरबे-दांडीच्या खाड्यांत पूर्वी कोणती मासळी कोणत्या नक्षत्रात मिळे आणि आता ती का मिळत नाही, पोफरणहून उठलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण पुनर्वसनानंतर पुढे गेले की थांबले, कारखान्यांतील कंत्राटी पाळ्यांमुळे पाड्यावरची शेती कोणाच्या हाती राहिली, हे प्रश्न ज्याच्या घरात उठले त्याला ते विचारावेसे वाटतात. बाहेरचा अभ्यासक आला तर तोही विचारील, पण त्याची मुदत संपली की तो जाईल; येथील प्रश्नांना तीस वर्षे चिकटून बसणारा माणूस येथल्या कायम नेमणुकीतूनच निर्माण होईल.

आणि वर्गाचा विचार करावा, तर या जिल्ह्याने साऱ्या देशाला एक पाठ पूर्वीच घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभारले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, पाने, बिया, खडे, शंखशिंपले हेच शिक्षणाचे साहित्य केले, आणि आदिवासी मुलींनाच बालसेविका म्हणून तयार केले. शिकविणारे माणूस मुलाच्या परिसरातले असले म्हणजे शिक्षण रुजते, हे त्यांना उमगले होते. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक ही पदे स्थानिक जमातींतून भरावीत, अशी राज्यपालांची 2014 ची अधिसूचना त्याच जाणिवेतून आली. तिच्या अंमलबजावणीला न्यायालयीन खटल्यांनी खीळ बसली, तरी तत्त्व मान्य झाले. बालवाडीपासून प्राथमिक शाळेपर्यंत जे तत्त्व आपण मान्य केले, ते महाविद्यालयाच्या पायरीशी का थांबावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मुंबई विद्यापीठाने राज्य शासनाच्या उच्च शिक्षण विभागाशी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी करार करून पालघर जिल्ह्यासाठी एक पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती स्थापन करावी आणि तिची प्रत्येक जागा जिल्ह्यातील एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या रिक्त, बिंदुनामावलीने राखीव ठरलेल्या पदाशी आरंभीच बांधून टाकावी. पद सार्वजनिक असल्याने उघड जाहिरात व स्पर्धा टाळता येणार नाही आणि टाळूही नये. यासाठी अधिछात्रवृत्तीची आणि पदाची जाहिरात एकच असावी, निवडसमितीत जिल्ह्याबाहेरचे विषयतज्ज्ञ बहुसंख्येने असावेत, आणि निवड झालेल्याने पहिली तीन वर्षे निम्मा वेळ अध्यापन आणि निम्मा वेळ संशोधन करावे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याच समितीने कामाची तपासणी करावी. काम समाधानकारक असेल तर नेमणूक आपोआप कायम व्हावी आणि नसेल तर कारणे लेखी द्यावीत, म्हणजे योग्य उमेदवार आढळला नाही या चार शब्दांवर कोणाचे आयुष्य निकालात निघणार नाही. विद्यापीठाच्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकाची पालक म्हणून नेमणूक करून त्याच्याही कामाचा हिशेब घ्यावा.

पैशाची अडचण मला खरी वाटत नाही. कायम झाल्यावरचे वेतन मंजूर पदावरचेच असल्याने शासनावर नवा बोजा नाही. प्रश्न उरतो तो पहिल्या तीन वर्षांचा, आणि त्यासाठी तारापूरच्या भूमीवर व्यवसाय करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. त्यांतून दप्तरे आणि बाके वाटली जातात, ती जरूर वाटावीत. परंतु ज्यांच्या जमिनीवर आणि खाडीवर हा उद्योग उभा आहे, त्यांच्या घरातल्या संशोधकांना तीन वर्षे स्वस्थपणे काम करू देणे, हेही त्या कायद्याच्या हेतूला धरून आहे. पैसा एकत्रित निधीत जावा आणि निवडीत किंवा संशोधनाच्या विषयात देणाऱ्याचा हात नसावा, एवढी अट कडकपणे पाळावी लागेल, कारण यांतील काही संशोधक त्याच कारखान्यांच्या सांडपाण्यावर लिहिणार आहेत.

विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांना, जिल्ह्यातील संस्थाचालकांना आणि आमच्या लोकप्रतिनिधींना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी आपापल्या महाविद्यालयांतील रिक्त राखीव पदांची यादी या सत्रातच प्रसिद्ध करावी आणि त्यांतील निदान पाच पदे या योजनेसाठी पुढच्या जूनपूर्वी खुली करावीत. तासिकेच्या वहीत सह्या करणारे पीएचडीधारक याच जिल्ह्यात, याच लोकलने रोज ये-जा करीत आहेत. त्यांना शोधण्यासाठी कोणाला दूर जावे लागणार नाही.