काखेत कळसा, संगणकाला वळसा

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "अरे, फाईल होती रे, कुठे ठेवली तेच आठवत नाही!" फाईल संगणकातच असते. संगणकात शोधायची सोयही असते. तरी काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझं स्पष्ट मत आहे, की यात दोष विसरभोळ्या मुलांचा कमी आणि अर्धवट शोधाचा जास्त आहे.

आपल्या वरसाव्याचंच उदाहरण घ्या. समजा, सिव्हिलच्या एका ग्रुपने वसईच्या खाडीवरच्या पुलांवर प्रोजेक्ट केला. एक पूल जुना, दुसरा २०२३ मध्ये सुरू झालेला. एका फाईलमध्ये 'वरसावे पूल' आहे, दुसरीत 'वरसाव्याचा पूल', तर इंग्रजी रिपोर्टमध्ये 'वर्सोवा ब्रिज'. (अंधेरीचं वर्सोवा मध्येच कडमडतं ते निराळंच!) जुन्या कागदांत महामार्गाचा क्रमांक ८, नव्यांत ४८. त्यात भर म्हणजे एखादी जुनी टिपणं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. पडद्यावर शुद्ध मराठी, पण आत साठवलेले कोड भलतेच. आता 'वरसावे' टाईप करून शोधा बरं! निम्म्या फाईली हाती लागल्या तरी नशीब समजा.

आपलं डोकं मात्र वेगळ्या वाटेने आठवतं. "मेसमधून आल्यावर ती पीडीएफ उघडली होती आणि त्याच वेळी एक्सेलमध्ये आकडे भरत होतो." नाव विसरलं तरी प्रसंग लक्षात राहतो. केव्हा, कोणत्या प्रोग्रॅममधून, कोणती फाईल उघडली किंवा बदलली, याची संगणकाने ठेवलेली रोजनिशी म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी लॉग. सर्चच्या इंडेक्सला फाईलच्या आत काय आहे ते ठाऊक, लॉगला आपण काय केलं ते ठाऊक. दोघांची गाठ घालून दिली, की विचारता येईल, "पुलाचा रिपोर्ट लिहिताना आणखी काय काय उघडं होतं?" मग ती श्रीलिपीतली टिपणंही सापडतील, कारण लॉगला त्यातली अक्षरं वाचावीच लागत नाहीत. म्हणूनच इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्याला या जोडणीची गरज जास्त आहे.

ओपन सोर्सवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. केडीई ४ मध्ये २००८ पासून नेपोमुक आलं. फाईल, माणसं, ई-मेल यांची नाती जपणारा हा युरोपातल्या संशोधनातून आलेला प्रयत्न. ग्नोमच्या मंडळींनी २००९ च्या सुमारास झाईटगाईस्ट हा लॉग लिहिला. इंडेक्सिंगसाठी ट्रॅकर होताच. उबुंटूच्या युनिटीने २०११ मध्ये झाईटगाईस्ट रोजच्या वापरात आणलं. पण नेपोमुक मेमरी खायचं, लोक वैतागून ते बंद करायचे. २०१४ मध्ये त्याच्या जागी हलकं बालू आलं. उबुंटूने २०१७ मध्ये युनिटी बाजूला ठेवली आणि झाईटगाईस्टचा मोठा आधार गेला. कल्पना चांगली होती, मशीनवरचं ओझं जड झालं, एवढाच मी याचा अर्थ घेतो.

आता कोणी म्हणेल, "म्हणजे मी काय काय उघडलं ते सगळं लिहून ठेवणार? आणि रूम पार्टनरने पाहिलं तर?" प्रश्न रास्त आहे. एका खोलीत एक पीसी, चौघांचा एकच लॉगिन, हा प्रकार आपल्याला नवा नाही. अशा ठिकाणी लॉग म्हणजे उघडी डायरी. आणि धोका काही खोलीपुरताच नाही. २०१२ च्या उबुंटू १२.१० मध्ये डॅशमध्ये टाईप केलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन अ‍ॅमेझॉनचा माल समोर यायचा. लोक भडकले आणि १६.०४ मध्ये ते मुळातून बंद ठेवलं गेलं. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये पडद्याची छायाचित्रं साठवणारं रिकॉल जाहीर केलं, तेव्हाही टीकेमुळे ते लांबलं. एप्रिल २०२५ मध्ये आलं, ते वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच चालेल या अटीवर.

म्हणून माझ्या तीन अटी आहेत. लॉग आपल्याच मशीनवर राहावा. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा असावा. आणि विसरण्याचं बटण ठळक असावं. केडीईच्या प्लाझ्मात इतिहास किती महिने ठेवायचा, कोणत्या प्रोग्रॅमचा नाही ठेवायचा, हे आजही ठरवता येतं. सोर्स उघडा असल्यामुळे खरोखर पुसलं की नाही हे आपल्यालाच तपासता येतं. बंद पेटीतल्या सॉफ्टवेअरबद्दल फक्त विश्वास ठेवावा लागतो.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम किती वेळा लिहिणार? 'वरसावे' आणि 'वरसाव्याचा' एकच शब्द आहे हे इंडेक्सला शिकवा, त्याला लॉग जोडा, पुसायचं बटण द्या. कॉम्प्युटरच्या मुलांना व्याकरण लागेल, मराठी नीट येणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलांना सोबत घ्या. परदेशातले डेव्हलपर हे आपल्यासाठी आपणहून करतील, या आशेवर बसू नका. त्यांना 'वरसाव्याचा' कुठे अडतोय!