पाच गोळ्यांचा साठा

आमचं तालुक्याचं गाव विदर्भ-मराठवाड्याच्या शिवेवर. एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. दुकानात बसून डॉक्टरकी येत नाही, पण एखादा पेशंट यायचा बंद झाला की ते सगळ्यात आधी मेडिकलवाल्याला कळतं. बीपीची गोळी चुकली तर माणूस स्वतःच येतो, चक्कर येते म्हणतो. डोक्याच्या गोळ्यांचं तसं नाही. आई दोन-तीन महिने नेमानं येते, "भाऊ, पोराच्या गोळ्या द्या" म्हणते, आणि मग दिसेनाशी होते. पोळ्याच्या सुमारास कुणीतरी सांगतं, पोरगं पुन्हा रात्रभर ओट्यावर बसून असतं, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट लोटतं.

मग सगळे एकच बोलतात: मधेच गोळ्या सोडल्या, दुसरं काय होणार? दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, शाळेच्या मुलांची फेरी निघते. बॅनर लागतो. ग्रामीण भागात अज्ञान आहे, अंधश्रद्धा आहे, लोक उपचाराला येतच नाहीत, असं भाषण होतं. मला ते पटत नाही. लोक येतात. गोळ्या सुटतात त्या बऱ्याचदा मिळाल्या नाहीत म्हणून.

कशा सुटतात ते सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ बसतात जिल्ह्याच्या गावी, ७० किलोमीटरवर. ओपीडी सकाळची, म्हणून पहाटेची गाडी धरायची. आईला एसटीत अर्धं तिकीट, पोराला पूर्ण. केसपेपर, रांग, तपासणी आणि मग औषधाची खिडकी. खिडकीवर कधी सगळं मिळतं, कधी दोनांतली एकच गोळी. हातापायांची थरथर थांबवणारी ट्रायहेक्सिफेनिडिल असते, पण ज्या औषधानं थरथर सुटते आणि ज्यासाठी खरं तर एवढा प्रवास केला ते रिस्पेरिडोन नसतं. चिठ्ठीवर "बाहेरून घ्या" असा शेरा पडतो. दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च महिन्याच्या गोळ्यांपेक्षा जास्त. वर दोघांची मजुरी बुडते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती बुडवणं कुणाला परवडतं? ती खेप चुकते. रुग्णाला बरं वाटतच असतं, त्यामुळे पहिले काही आठवडे काही बिघडत नाही. घरच्यांनाही वाटतं, सुटलं एकदाचं.

आता बाहेरून म्हणजे माझ्याकडून. माझ्याकडेही असतंच असं नाही, आणि त्याचं कारण सरळ हिशेबाचं आहे. पित्ताची गोळी मी पेटीनं मागवतो. लिथियम नेणारे तालुक्यात मोजके, तेही कधी येतील याचा भरवसा नाही. पत्ते कपाटात पडून एक्सपायर होतात. ही औषधं शेड्यूल एच मधली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. चिठ्ठी आठ महिने जुनी, घामानं विरलेली, आणि ती नवी करून देणारा माणूस ७० किलोमीटरवर. दिलं तर नियम मोडतो, नाही दिलं तर पोरगं आजारी पडतं. शिवाय लिथियम नुसतं देऊन भागत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण बघावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉईड तपासावं लागतं. ती तपासणी आमच्या तालुक्यात होत नाही.

लोकांचा खरा मानसोपचार मग आमच्या काउंटरवर चालतो, आणि तो म्हणजे झोपेची गोळी. कर्जानं, नापिकीनं, घरातल्या मरणानं खचलेला माणूस डॉक्टरला एवढंच सांगतो की झोप लागत नाही. त्याला अल्प्राझोलम लिहून मिळतं. त्या रात्री झोप लागते, म्हणजे औषध लागू पडलं. उदासीवरचं खरं औषध, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन, दोन ते चार आठवडे काही दाखवत नाही. त्या काळात धीर द्यायला कुणीतरी हवं असतं, आणि ते कुणी नसतं. अल्प्राझोलम शेड्यूल एच वन मध्ये आहे. त्याच्या नोंदीला वेगळं रजिस्टर, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, तीन वर्षं जपून ठेवायचं. अधिकारी ते रजिस्टर तपासतो, पण माझ्या नोंदी बरोबर आहेत की नाही एवढंच. त्यात तीच तीच नावं वर्षभर का येतात, हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही.

कायदा वाचला तर चकित व्हायला होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तो राहतो तिथून जवळ असावी. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत मोफत आणि सदासर्वकाळ उपलब्ध असावीत, हेही तिथेच लिहिलंय. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय, माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. किमान सेवा सरकारला जिल्ह्यात देता येत नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्याचा खर्च सरकारनं उचलायचा, अशीही तरतूद आहे. मी आजवर एकाही आईला तो खर्च परत मिळालेला पाहिला नाही. असा अर्ज करता येतो हे तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

लोक येत नाहीत या म्हणण्याला अमरावती जिल्ह्यात उत्तर मिळालेलं आहे. गोव्याच्या 'संगाथ' या संस्थेनं 'प्रकृती' संस्थेबरोबर तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालवला. गावातलीच माणसं प्रशिक्षण घेऊन घरोघर गेली, बोलली, गरज असेल तिथे समुपदेशकाकडे आणि तज्ज्ञाकडे पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त २०१७ साली हे छापून आलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. माणसं तीच, कपाशी तीच, कर्जही तेच. शंभरातल्या सत्तरांहून अधिकांपर्यंत मदत तरीही पोचली नाही हेही खरं, पण एवढी वाढ रॅली काढून होत नसते.

सैलानीबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्या भागात त्याशिवाय हा विषय पुराच होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांचे लोक आपली आजारी माणसं घेऊन येतात, होळीच्या सुमारास तर मोठी यात्रा भरते. बाहेरचं लागलंय, उतरवून या, असं सांगणारे घरोघरी आहेत. कुणाला साखळीनं बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली साखळदंडात बांधलेली २८ माणसं आगीत होरपळून गेली, हे मी कधी विसरत नाही. तरी तिथे जाणाऱ्या आईला अडाणी म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिथे रोज दार उघडं असतं, आज डॉक्टर रजेवर आहेत असं कुणी म्हणत नाही, आणि तिच्यासारख्याच दहा बायका शेजारी बसलेल्या असतात. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात सरकार आणि एका संस्थेनं मिळून मानसोपचाराची सोय केली. मुजावरच रुग्णाला सांगू लागले की दुवा घे आणि दवाही घे. तसं आपल्याकडे का करू नये?

टेलिमानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मी तो नंबर काउंटरच्या काचेवर चिकटवलाय आणि रात्री घाबरून आलेल्या एक-दोघांना तिथूनच लावूनही दिलाय. उपयोग होतो. पण फोनमधून रिस्पेरिडोनचा पत्ता हातात पडत नाही.

आशाताई घरोघरी भरतात त्या फॉर्मवरही आता दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटेनासा झालाय का. प्रश्न चांगले आहेत. एखादी बाई 'हो' म्हणाली तर तिला पाठवायचं कुठे, हे मात्र आशाताई मला येऊन विचारतात.

प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, हे मलाही समजतं. तेवढे डॉक्टरच नाहीत. पण निदान एकदा तज्ज्ञानं केलं आणि औषध बसलं, की दरमहा तीच चिठ्ठी चालू ठेवायला ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी पुरतो. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे आणि अशा अधिकाऱ्यांना शिकवणं हा त्याचाच भाग आहे. तज्ज्ञानं महिन्यातून एक ठरलेला वार यावं, शक्यतो बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी गाड्या असतात आणि माणसं तशीही गावात येतात. गोळ्या मधे तुटू न देणं सरकारनं क्षयरोगासाठी करून दाखवलंय. डॉट्स सुरू झालं तेव्हा रुग्णाची नोंद झाली की त्याच्या नावाची पूर्ण उपचाराची पेटी बाजूला काढून ठेवत, म्हणजे मधे साठा संपला तरी त्याचा डोस चुकू नये. रिस्पेरिडोनला अशी पेटी का नको, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

मागणी छोटी आहे. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, फ्लुऑक्सेटिन, लिथियम आणि ट्रायहेक्सिफेनिडिल. यादीत काय बदल करायचा तो तज्ज्ञांनी करावा. ही औषधं ग्रामीण रुग्णालयात बारा महिने असावीत आणि आज किती शिल्लक आहेत ते खिडकीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहावं. औषधांचा साठा 'ई-औषधी'त संगणकावर भरलेला असतोच. वरच्या कार्यालयात दिसणारा आकडा खाली रांगेतल्या बाईलाही दिसू दे. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे लिहून देणार आहे. यात तुझाच धंदा बुडेल, असं शेजारचा दुकानदार म्हणाला. बुडू दे, या गोळ्यांत मला जे सुटतं ते एक्सपायरीतच जातं.