आधी वही त्यांच्या हाती द्या

भिवंडीवर अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्यांनो आणि प्राध्यापकांनो, तुम्ही जरूर या. या गावाला तुमची गरज आहे. फक्त एक विचार घरून करून निघा: इथून काय न्यायचं हे ठरवलंत, तसं इथे काय ठेवून जायचं हेही ठरवलंत का?

इथल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये प्रश्नावली भरून होत नाही. त्या खडखडाटात कानाशी ओरडल्याशिवाय शब्द पोचत नाही, पापण्यांवर कापसाची तूस बसते आणि मुकादम लांबून बघत असतो. बारा तासांच्या पाळीत उभा असलेला माणूस तिथे ‘सब ठीक है’ यापलीकडे काय बोलणार? त्याला गाठायचं तर भिस्सीत गाठा. महिन्याचे पैसे भरून कामगार जिथे जेवतात, ती ही जागा. मुंबईच्या गिरणगावात आपले चाकरमानी जिथे जेवले, तीच ही खाणावळ. फक्त पंगतीत भोजपुरी नाहीतर तेलुगू ऐकू येते. त्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. चुलीपुढची बाईही कामगारच, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा दिसलं. म्हणून भिस्सी चालवणारीला आणि कांडी भरणारीलाही तुमच्या यादीत जागा द्या. कोण नवा आला, कोण आजारी पडून गावी गेला, कोणाचे पैसे थकले, हे त्यांना आधी कळतं.

आता कामाचं बोलू. मागावरची मजुरी बहुतेक करून विणलेल्या कापडावर ठरते आणि पुष्कळांच्या हातात ना पावती असते, ना हजेरी कार्ड. पैसे बुडाले आणि तक्रार करायला गेलं, की पहिला प्रश्न येतो: तू तिथे कामाला होतास याला पुरावा काय? म्हणून खिशात मावेल अशी वही तयार करा. हिंदीत, उर्दूत, तेलुगूत. त्यात रकाने पाचच: तारीख, पाळी, मीटर, उचल, कापलेले पैसे. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या शेजारी बसून लिहून द्या. महिनाअखेर बेरीज करा आणि ती सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाशी ताडून त्याला दाखवा. तुमच्या प्रबंधासाठी हवी तर नक्कल घ्या, पण मूळ वही त्याच्याकडेच राहू द्या.

मदत आणि अभ्यास एकत्र होतात का, अशी शंका असेल तर २०२० आठवा. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांसाठी ‘स्वान’ या गटातल्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी फोन हाती घेतले. अडचण ऐकायची, शिधा किंवा थोडे पैसे पोचवायची धडपड करायची आणि त्याच वेळी नोंदही ठेवायची. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी ११,१५९ मजुरांची माहिती मांडली: ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळालेलं नव्हतं. माणसाला मदत करता करता जमलेला हा आकडा होता, म्हणून त्याला वजन आलं.

पुढे जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना सगळ्या राज्यांनी लागू करावी असा आदेश दिला. गोरखपूरच्या कार्डावर भिवंडीत धान्य मिळायला हवं. मिळतं का, हे पाहायला पीएच.डी. लागत नाही. ठाणे-कल्याणच्या कॉलेजातला कोणीही मुलगा किंवा मुलगी कामगारासोबत रेशन दुकानात जाऊन उभी राहू शकते. नाकारलं तर कारण लिहून मागा, ते दिलं नाही तर तारीख-वेळ टिपून अर्ज करा.

एक गोष्ट मात्र कळवळून सांगतो. कामगाराचं नाव, गल्ली, शेडचा पत्ता छापू नका. तुमच्या एका ओळीने त्याचं काम जाईल आणि कामाबरोबर बहुधा खोलीही. त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्या. आणि अहवाल छापण्याआधी भिस्सीत बसून त्याच्या भाषेत वाचून दाखवा. ‘हे असं नाही’ असं तो म्हणाला, तर पुन्हा लिहा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी या. प्रश्नावली राहिली तरी चालेल, दहा कोऱ्या वह्या आणि दहा पेनं तेवढी विसरू नका.